कुलगार्डीत पाण्याचा भाव काय होता? ‘ट्रोव्ह’ या मोफत वृत्तपत्र-संग्रहाचं परीक्षण

सप्टेंबर १८९२ मध्ये आर्थर बेली आणि विल्यम फोर्ड यांना पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखात सोनं सापडलं आणि कुलगार्डी नावाचं गाव उभं राहिलं. पुढच्याच वर्षी पॅडी हॅननच्या शोधातून कालगुर्ली वसलं. हजारो माणसं तिथे पोचली, पण तिथे नदी नव्हती, भरवशाचा पाऊस नव्हता, आणि जमिनीखाली जे पाणी लागायचं ते बहुतेक खारं. ही गावं पाण्यावाचून कशी जगली, पाणी कोणी विकलं आणि कितीला, हे शोधायचं असेल तर मुंबईत घरी बसून फुकट वापरता येणारं सगळ्यात चांगलं साधन म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ‘ट्रोव्ह’. खाली ज्या खोडी सांगितल्या आहेत त्या धरूनही हे मत कायम आहे.

ट्रोव्हवर पुस्तकं, नकाशे, छायाचित्रं, पत्रव्यवहार असं बरंच काही आहे. पण खाणगावांसाठी कामाचा विभाग एकच, वृत्तपत्रं आणि राजपत्रांचा. वाचायला आणि उतरवून घ्यायला पैसे लागत नाहीत, कुठल्या विद्यापीठाचं ओळखपत्रही लागत नाही. मोफत खातं मात्र उघडून ठेवावं, कारण सापडलेल्या बातम्या यादीत साठवणं आणि त्यांना खुणेचे शब्द लावणं खात्यावरच होतं. ‘कुलगार्डी मायनर’चे १८९४ ते १९११, ‘कालगुर्ली मायनर’चे १८९५ ते १९५४, ‘कालगुर्ली वेस्टर्न आर्गस’चे १८९६ ते १९१६ असे अंक इथे पानन् पान वाचता येतात. पर्थचं ‘वेस्ट ऑस्ट्रेलियन’ आणि साप्ताहिक ‘वेस्टर्न मेल’ही आहेत. हक्कांच्या नियमामुळे बहुतेक वृत्तपत्रं १९५४ पाशी थांबतात. खाणगावांच्या भरभराटीचा काळ त्याच्या खूप आधीचा असल्याने या विषयाला त्याची झळ बसत नाही.

आता मुख्य गोष्ट. नवखा माणूस शोधपेटीत ‘वॉटर’ आणि ‘कुलगार्डी’ असे दोन शब्द टाकतो, हजारो निकाल येतात, पहिल्या दोन पानांवर सभा, भाषणं आणि अग्रलेख दिसतात, आणि तो कंटाळून उठतो. पाण्याचा खरा हिशेब अग्रलेखात क्वचितच असतो. तो असतो जाहिरातींत, नगरपालिकेच्या सूचनांत, निविदांत आणि आरोग्य अधिकाऱ्याच्या दोन ओळींच्या अहवालात. म्हणून आधी प्रगत शोध उघडावा. राज्य म्हणून वेस्टर्न ऑस्ट्रेलिया निवडावं, वृत्तपत्र एकच ठेवावं, काळ एका वर्षाचा घ्यावा, आणि मजकुराच्या प्रकारात ‘अ‍ॅडव्हर्टायझिंग’ निवडावं. निकालांचा क्रम आपोआप ‘समर्पकते’नुसार लागतो, तो बदलून जुन्याकडून नव्याकडे करावा. भाव कसा चढला-उतरला हे तारखेच्या क्रमाशिवाय कळतच नाही.

शोधायचे शब्दही त्या काळचे हवेत. खारं पाणी लोखंडी टाक्यांत उकळून, वाफ लांबलचक पत्र्याच्या नळ्यांतून नेऊन थंड करायची आणि जे टपकेल ते विकायचं, या धंद्याच्या यंत्राला ‘कंडेन्सर’ म्हणत आणि त्या पाण्याला ‘कंडेन्स्ड वॉटर’. ‘कंडेन्सर’ या शब्दाच्या शेवटी कधी ई-आर, कधी ओ-आर छापलेलं असतं. दोन्ही लिहून मध्ये ‘ऑर’ टाकावं. दोन शब्द जवळजवळ यावेत पण सलग असण्याची गरज नसेल, तर ते अवतरणचिन्हांत लिहून पुढे नागमोडी रेघ आणि आकडा द्यायचा. ‘वॉटर’ आणि ‘गॅलन’ यांच्यात दहा शब्दांपर्यंत अंतर चालेल असं सांगितलं, तर भावाच्या ओळी भराभर वर येतात. नुसत्या दोन शब्दांच्या शोधापेक्षा याने बराच वेळ वाचतो.

जाहिरातींत एक अडचण कायम भेटते. ट्रोव्हवर प्रत्येक बातमी वेगळी कापून ठेवलेली आहे, पण जाहिराती सुट्या केलेल्या नाहीत. अख्खा रकाना, कधी अनेक रकाने, ‘अ‍ॅडव्हर्टायझिंग’ या एकाच नावाखाली येतात. निकालावर टिचकी मारली की शंभर छोट्या जाहिरातींचा गठ्ठा उघडतो आणि आपल्याला हवी ती ओळ त्यात कुठेतरी असते. शोधलेला शब्द रंगवून दाखवला जातो, तरी प्रतिमा मोठी करून डोळ्यांनी शोधण्याची तयारी ठेवावी. याच कारणाने ‘नजीकचे शब्द’ हा उपाय जाहिरातींत कधी फसतो: एका जाहिरातीतलं ‘वॉटर’ आणि शेजारच्या दारूच्या जाहिरातीतलं ‘गॅलन’ एकत्र पकडले जातात. आकडा टिपण्याआधी ती ओळ कोणत्या जाहिरातीत आहे हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुसरी अडचण यंत्रवाचनाची. पानं सूक्ष्मफितीवरून घेतलेली आहेत आणि अक्षरं संगणकाने ओळखलेली आहेत. बातम्यांचे मथळे माणसांनी तपासलेले असल्याने ते बऱ्यापैकी शुद्ध सापडतात. आतला मजकूर, आणि त्यातही जाहिरातींची बारीक अक्षरं, फार बिघडलेली असतात. खाणगावातला छापखाना म्हणजे झिजलेले खिळे, धूळ आणि हलका कागद. तीन आणि आठ, एक आणि इंग्रजी एल, सहा आणि शून्य यांची सर्रास अदलाबदल होते. म्हणून पाण्याचा भाव डाव्या बाजूच्या टाइप केलेल्या मजकुरातून कधीही उचलू नये, उजवीकडच्या मूळ छापावरूनच घ्यावा. शोधात काही मिळालं नाही याचा अर्थ ते छापलंच गेलं नव्हतं असा होत नाही. एखादा आठवडा महत्त्वाचा वाटत असेल तर शोध सोडून त्या तारखेचा अंक उघडावा आणि पान उलटत जावं.

या सेवेचं मोठेपण इथेच दिसतं. चुकलेली ओळ वाचकाला जागच्या जागी दुरुस्त करता येते, आणि पुढच्या शोधात ती दुरुस्त ओळ सापडते. जगभरच्या लोकांनी अशा कोट्यवधी ओळी सुधारल्या आहेत. पाण्याच्या जाहिराती सुधारायला फारसं कोणी जात नाही, लोक आधी आपल्या पणजोबांचं नाव नीट करतात. म्हणून मुंबईतल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी कुलगार्डीच्या एका महिन्याच्या जाहिराती जरी शुद्ध केल्या, तरी पुढच्या प्रत्येक अभ्यासकाचं काम हलकं होईल. एकच पथ्य पाळायचं: छापलंय तसंच लिहायचं. मूळ छापात शब्दलेखन चुकलेलं असेल तर तेही तसंच ठेवायचं.

आता शब्दांचे सापळे. तिथे ‘टँक’ म्हणजे नेहमी लोखंडी टाकी नव्हे; बऱ्याचदा जमिनीत खणलेला हौद किंवा तळं, आपल्याकडच्या गडांवरच्या टाक्यांशी नातं सांगणारं. ‘सोक’ म्हणजे ग्रॅनाइटच्या उघड्या खडकाच्या पायथ्याशी वाळूत मुरून राहिलेलं पाणी, जे थोडं खणून काढायचं. खुद्द खडकातल्या नैसर्गिक पाणखाचेला ‘नॅमा’ म्हणतात. हा मूळ आदिवासी भाषांतला शब्द असल्याने त्याची स्पेलिंगं तीन-चार प्रकारची आहेत: आधी जी-एन लावून, एन-जी लावून, किंवा नुसत्या एनने. सगळी शोधावी लागतात. १८६० च्या दशकात चार्ल्स हंटने या मुलखात खडकांच्या कडेला विहिरी बांधून वाट आखली होती. सोन्याच्या शोधात निघालेले लोक पुढे त्याच पाणवठ्यांवरून गेले, त्यामुळे ‘हंट्स वेल’ असाही शोध घ्यावा.

हंटने बांधण्याच्या कितीतरी आधीपासून ते पाणवठे तिथल्या आदिवासींचे होते, त्यांची जागा त्यांनाच ठाऊक होती. शोधप्रवासी डेव्हिड कार्नेगीच्या १८९६-९७ च्या वाळवंटातल्या मोहिमेत तर पाणी दाखवावं म्हणून आदिवासींना पकडून ठेवलं गेलं. वृत्तपत्रांत ही माणसं जवळजवळ बिननावाची आहेत, आणि जिथे उल्लेख आहे तिथली भाषा आज वाचवत नाही. ‘अमक्याला पाणी सापडलं’ अशी बातमी दिसली की ते पाणी त्याला कोणी दाखवलं, हा प्रश्न टिपणात लिहून ठेवावा. या गावांच्या पाण्याचा इतिहास नुसत्या बातम्यांवरून लिहिला तर त्यातली पहिली माणसंच गळून पडतात.

मुंबईच्या वाचकाला जवळचा वाटेल असा एक धागा उंटांचा आहे. वाळवंटात पाणी आणि माल वाहणारे उंट आणि उंटवाले मोठ्या संख्येने हिंदुस्थानच्या वायव्य भागातून गेले. १८६६ मध्येच थॉमस एल्डरने कराचीहून शंभराहून अधिक उंट दक्षिण ऑस्ट्रेलियात नेले होते, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. सिंध १९३६ पर्यंत मुंबईलाच जोडलेला होता. कुलगार्डीत फैज आणि ताघ महोमेट या भावांचा उंटांचा मोठा कारभार होता. ताघ यांचा जानेवारी १८९६ मध्ये तिथल्या मशिदीत खून झाला आणि त्या खटल्याच्या सविस्तर बातम्या ट्रोव्हवर आहेत. शोधताना लक्षात ठेवायचं, त्या काळी कराचीचं स्पेलिंग के-यू-डबल आर ने सुरू होऊन शेवटी दोन ई घेऊन येतं. उंटवाले कुठल्याही प्रांतातले असोत, छापात त्यांना सरसकट ‘अफगाण’च म्हटलेलं असतं. हे दोन शब्द ‘कॅमल’ आणि ‘वॉटर’शी जोडले की पाणवठ्यावरून उंटवाले आणि खाणवाले यांच्यात झालेली भांडणं समोर येतात.

मापांत चूक झाली तर सगळा हिशेब वाया जातो. ऑस्ट्रेलियातला गॅलन इंपीरियल, म्हणजे सुमारे ४.५४६ लिटर, अमेरिकेतला ३.७८५ लिटर. कुलगार्डी आणि नेवाडातल्या खाणगावांची तुलना करताना हा फरक विसरला तर सुमारे २० टक्के चूक पक्की. पैशांत १२ पेन्सचा एक शिलिंग, २० शिलिंगांचा एक पौंड. पेन्ससाठी छापात ‘डी’ अक्षर येतं, ते यंत्रवाचनात हमखास दुसरंच काही होतं. भाव सुट्या गॅलनचा आहे, शंभर गॅलनचा की हजाराचा, तेही पाहावं. गाड्यावर घरपोच दिलेलं पाणी आणि कंडेन्सरवर जाऊन आणलेलं पाणी यांचे भाव वेगळे असायचे. आपल्या जुन्या मुंबईतल्या पखालीच्या पाण्यासारखंच ते; वाहून आणण्याची मजुरी पाण्याच्या किमतीत मिसळलेली. तारखांसाठी तीन लॅटिन संक्षेप पाठ करावेत: ‘इन्स्ट’ म्हणजे चालू महिना, ‘अल्ट’ म्हणजे मागचा, ‘प्रॉक्स’ म्हणजे पुढचा.

पाणी इतकं महाग का, याचं कारण लाकूडफाटा. कंडेन्सरला भट्टी सतत पेटती लागते. गावाभोवतीची झाडं तुटत गेली की सरपण लांबून आणावं लागतं. शिवाय खाऱ्या पाण्यातल्या क्षारांचे थर आत बसतात, ते खरवडायला यंत्र बंद ठेवावं लागतं. म्हणून पाण्याच्या शोधासोबत ‘फायरवुड’चा शोध घेतलाच पाहिजे. पाणी आणि सरपण यांच्या जाहिराती तारखेनुसार शेजारी मांडल्या की भावाची चढ-उतार पावसाने झाली की लाकडाने, याचा अंदाज बांधता येतो. त्याच तक्त्यात तिसरा स्तंभ ‘टायफॉइड’चा करावा. १८९० च्या दशकाच्या मध्यात या गावांत विषमज्वराची मोठी साथ होती, आणि रुग्णालयाच्या बातम्या पाण्याच्या टंचाईबरोबर वाचल्या की चित्र भरतं.

मग येते ती जलवाहिनी, या संग्रहातला सगळ्यात भरगच्च भाग. पश्चिम ऑस्ट्रेलियाचे मुख्य अभियंता सी. वाय. ओकॉनर यांनी पर्थजवळ मुंडारिंगला धरण बांधून, आठ पंपिंग स्टेशनं उभारून, ३० इंच व्यासाच्या पोलादी नळातून पाणी सुमारे ५६० किलोमीटरवर कालगुर्लीपर्यंत नेण्याची योजना आखली. मुंबईहून गोव्याला जाण्याइतकं हे अंतर, आणि तेही चढावर. क्षमता दिवसाला ५० लाख गॅलन, म्हणजे सुमारे २.२७ कोटी लिटर. त्यासाठी २५ लाख पौंडांचं कर्ज उभं केलं गेलं. तानसाच्या नळांवरून रोज ये-जा करणाऱ्या मुंबईकराला एक गोष्ट लगेच पटेल: इतक्या लांब नळात सगळ्यात मोठा धोका सांध्यांचा. मेफन फर्ग्युसनने शोधलेल्या ‘लॉकिंग बार’ पद्धतीत दोन अर्धगोल पत्रे लांबीच्या बाजूने खाचेच्या पट्टीत दाबून बसवायचे. रिव्हेटची हजारो भोकं टळली आणि गळती कमी झाली. नळाला नळ जोडताना मात्र शिसं ओतून ठोकावं लागे, आणि त्या ठोकण्याच्या कंत्राटावरूनच पुढे चौकशी आयोग नेमला गेला.

या काळात पर्थचं ‘संडे टाइम्स’ ओकॉनर यांच्यावर तुटून पडलं होतं. १० मार्च १९०२ रोजी त्यांनी आयुष्य संपवलं. कालगुर्लीत पाणी सुरू करण्याचा समारंभ झाला तो २४ जानेवारी १९०३ रोजी, दहा महिन्यांनी. ‘नळ सोडला आणि पाणी आलंच नाही, म्हणून त्यांनी जीव दिला’ ही दंतकथा आजही सांगितली जाते. ट्रोव्हवरच्या तारखा शेजारी ठेवल्या की ती तिथल्या तिथे खोटी ठरते. या एका कामासाठीसुद्धा हा संग्रह मोलाचा आहे. फक्त एकाच वृत्तपत्रावर विसंबू नये. ‘संडे टाइम्स’, ‘वेस्ट ऑस्ट्रेलियन’ आणि ‘कालगुर्ली मायनर’ यांनी एकच आठवडा कसा छापला ते एकत्र वाचावं. ‘कालगुर्ली मायनर’ आणि ‘वेस्टर्न आर्गस’ हे मात्र एकाच घरचे दैनिक-साप्ताहिक. त्यांत सारखीच बातमी दिसली तर दोन साक्षीदार मिळाले असं समजू नये.

खाणगावाच्या वृत्तपत्राचा आणखी एक कल ओळखून असावं. त्याचं पोट समभागांच्या जाहिरातींवर चालायचं. बाहेरच्या गुंतवणूकदाराला गाव भरभराटीचं दिसायला हवं, म्हणून कंपनीच्या वृत्तांतात पाणी मुबलक असतं. त्याच आठवड्यात सरकारकडे मदत मागणाऱ्या निवेदनात तेच गाव तहानेने मरत असतं. दोन्ही मजकूर जपून ठेवावेत आणि प्रत्येकापुढे तो कोणाला उद्देशून होता हे लिहावं.

जे मिळत नाही तेही सांगायला हवं. जलवाहिनीचे मूळ आराखडे, खात्याच्या फाइली, कंत्राटाचे कागद वृत्तपत्र विभागात नाहीत. त्यासाठी पर्थच्या राज्य अभिलेखागाराशीच पत्रव्यवहार करावा लागतो. मोबाइलवर ट्रोव्ह वापरणं कष्टाचं आहे, कारण मजकूर आणि मूळ छाप शेजारी हवेत आणि छोट्या पडद्यावर ते जमत नाही. लोकलमध्ये वाचायचं असेल तर घरी लॅपटॉपवर बातमीची पीडीएफ उतरवून न्यावी. प्रत्येक बातमीचा कायमस्वरूपी दुवा ‘साइट’ (सी-आय-टी-ई, म्हणजे संदर्भ देणे) या बटणाखाली मिळतो. तो पीडीएफच्या नावाबरोबरच टिपून ठेवावा, नाहीतर महिन्याभराने कोणता कागद कुठला हे कळत नाही. शोधपानाचा पत्ता दुवा म्हणून वापरू नये.

अमेरिकेच्या बाजूची तुलना थोडक्यात. काँग्रेस ग्रंथालयाचा ‘क्रॉनिक्लिंग अमेरिका’ही मोफत आहे आणि त्यात नेवाडातलं ‘टोनोपा डेली बोनान्झा’सारखं खाणगावाचं दैनिक वाचता येतं. पण तिथे अख्खं पान हाच एक नग आहे, बातम्या कापलेल्या नाहीत, जाहिरातींची वेगळी चाळणी नाही, आणि वाचकाला मजकूर सुधारता येत नाही. पाण्याच्या बाबतीत मात्र अमेरिकेकडे एक ठेवा आहे जो ट्रोव्हवर नाही. तिथल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या ‘वॉटर सप्लाय पेपर’ मालिकेतला २२४ क्रमांकाचा अहवाल वॉल्टर मेंडेनहॉलने १९०९ मध्ये लिहिला. कॅलिफोर्निया-नेवाडाच्या वाळवंटातले पाणवठे त्यात एकेक करून नोंदले आहेत. १९१६ च्या कायद्यानंतर पाणवठ्यांकडे जाणाऱ्या वाटांवर पाट्या लावल्या गेल्या आणि ४९० क्रमांकाखाली वाटांचे अहवाल निघाले. हे सगळे खात्याच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. नेवाडातलं रायोलाइट १९०४ च्या सोन्यानंतर उभं राहिलं. १९१० च्या जनगणनेत तिथे ६७५ माणसं उरली होती, १९२० मध्ये १४. अशा गावाचा अभ्यास करताना दैनिक आणि हा अहवाल जोडीनेच वाचावे लागतात. ट्रोव्हवर एका चाळणीत होणारं काम तिथे दोन संकेतस्थळांवर फिरून करावं लागतं.

२०२२-२३ च्या सुमारास ट्रोव्हचा निधी आटतो की काय अशी वेळ आली होती. एप्रिल २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियन सरकारने चार वर्षांसाठी ३.३ कोटी डॉलर मंजूर केल्याने संग्रह चालू राहिला. तरीही महत्त्वाच्या पीडीएफ स्वतःकडे ठेवाव्यात.

पहिल्यांदा हात बसवायचा असेल तर ‘कालगुर्ली मायनर’चे जानेवारी १९०३ चे अंक घ्यावेत. २४ तारीख शनिवारची होती, त्यामुळे समारंभाचं सविस्तर वर्णन सोमवार २६ जानेवारीच्या अंकात शोधावं. आधी पहिल्या पानावरच्या जाहिराती वाचाव्यात आणि त्यात पाणी विकणारे अजून किती उरले आहेत ते मोजावं. मग त्याच वृत्तपत्राचा १८९६ चा जानेवारी उघडून तीच मोजणी पुन्हा करावी.